नॉर्म एकही नाही, तरी ग्रँडमास्टर : दिव्या देशमुखच्या किताबामागचा इतिहास

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बाटुमीमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ती भारताची 88वी ग्रँडमास्टर, म्हणजे खेळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली. भारतीय महिलांमध्ये हंपी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतरची चौथी.

एरवी हा किताब असा एका झटक्यात मिळत नाही. तीन नॉर्म लागतात आणि रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा, एकदा तरी 2500 ला टेकवावं लागतं. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत 2600 च्या तोडीची कामगिरी, तीही पुरेशा ग्रँडमास्टरांशी आणि परदेशी खेळाडूंशी खेळून. अर्धा गुण कमी पडला की नॉर्म हुकला. कित्येकांची उमेदीची वर्षं यात जातात. दिव्याच्या खात्यात एकही नॉर्म नव्हता आणि रेटिंगही 2500 च्या आतच होतं. मात्र महिला विश्वचषक जिंकणारीला थेट ग्रँडमास्टर करण्याची तरतूद फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत आहे. आधीच्या दोन विजेत्या, कोस्तेन्युक (2021) आणि गोर्याचकिना (2023), मुळातच ग्रँडमास्टर असल्यामुळे त्या तरतुदीची गरजच पडली नव्हती.

म्हणून किताब स्वस्तात पडला असं कुणी म्हणत असेल, तर त्याने तिची बाटुमीतली वाटचाल पाहावी. पंधरावं मानांकन असताना तिने दुसरी मानांकित झू जिनर, मग हरिका, मग माजी विश्वविजेती तान झोंगयी यांना घरी पाठवलं. तानविरुद्धचा निर्णायक डाव 101 चालींपर्यंत चालला. अंतिम फेरीत हंपीशी दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळात दोघींचीही वेळ संपत आलेली, चुका दोन्ही बाजूंनी झाल्या, पण शेवटची महागडी चूक हंपीची ठरली. हंपीने ग्रँडमास्टर किताब मिळवला 2002 मध्ये, म्हणजे दिव्याच्या जन्माच्या तीन वर्षं आधी.

दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. ती पाचव्या वर्षी पटावर आली आणि 10 व 12 वर्षांखालील अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं घेऊन मोठी झाली. 2024 मध्ये ती गांधीनगरला ज्युनिअर मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये संघाचं आणि तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक, अशी दोन सुवर्णपदकं तिने मिळवली. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही नागपूरचेच, त्यामुळे गावात बुद्धिबळाचं वातावरण होतंच.

महाराष्ट्रातल्या मुलींची बुद्धिबळाची वाट मात्र याहून जुनी आहे. 1974 ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरने जिंकली. तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी याही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. 1976 मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. एवढ्याशा मुलीच्या नावावरून इतकं रणकंदन माजलं की प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्वाळा द्यावा लागला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिलांना मज्जाव करता येणार नाही. त्यानंतरच्या पिढीत भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. या सगळ्या नावाजल्या, पण पूर्ण (फक्त महिलांसाठीचा वेगळा नव्हे) ग्रँडमास्टर किताब यांच्यापैकी एकीच्याही वाट्याला आला नाही. तेव्हा देशात ग्रँडमास्टरच मुळात दुर्मीळ. आनंदसुद्धा पहिला भारतीय ग्रँडमास्टर झाला तो 1988 मध्ये.

मज्जाव संपला तरी नजरा बदलल्या असं नाही. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा खेळून आल्यावर अठरा वर्षांच्या दिव्याने जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच चर्चा करत होते.

विश्वचषकामुळे महिला कँडिडेट्समधली, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेतली, तिची जागा पक्की झाली होती. त्यामुळे सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसला, म्हणजे कँडिडेट्सच्या पात्रता स्पर्धेला, महिला गटात खेळण्याची तिला निकड नव्हती. तिने खुला गट निवडला. तिथे इजिप्तच्या बासेम अमीनला तिने हरवलं आणि विश्वविजेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं.