चंद्राजवळची ती तेजस्वी चांदणी ध्रुवतारा नव्हे

संध्याकाळी चंद्रकोरीशेजारी एखादा ठळक ठिपका दिसला की तो ध्रुवतारा आहे, असे घरोघरी सांगितले जाते. गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी, २४ मार्च २०२३ रोजी, चंद्रकोरीला अगदी खेटून जो तेजोबिंदू देशभर दिसला तो मात्र शुक्र होता. या समजामागे ध्रुवतारा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा आहे, ही कल्पना असावी, आणि तीही चुकीचीच आहे, कारण तो जेमतेम दुसऱ्या प्रतीचा तारा असून मुंबईतून उत्तर क्षितिजावर सुमारे १९ अंशांवर, जागा जवळजवळ न सोडता, मंदपणे दिसतो. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गापासून सुमारे ५ अंशांपलीकडे जात नसल्यामुळे तो ध्रुवापासून नेहमी ६० अंशांहून अधिक दूरच राहतो.

मग शेजारी असते ते काय? शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून दूर जात नाही, म्हणून संध्याकाळी तो पश्चिमेलाच आणि शुद्ध पक्षातील पहिल्या चार-पाच तिथींच्या कोरीजवळच आढळतो. पौर्णिमेच्या चंद्राजवळ शुक्र दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तिथे पिवळसर, स्थिर तेजाचा गुरू किंवा तांबूस मंगळ असू शकतो. मात्र तांबूस ठिपका लुकलुकत असेल, तर ती बहुधा रोहिणी, म्हणजे खरोखरच तारा. चंद्र रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकत असल्याने ही सोबत एक-दोन रात्रींपुरतीच टिकते.