मालकाच्या नावाखाली ठेवलेली माणसं: अमेरिकन गुलामीचे कागद ऑनलाइन कसे आले

अमेरिकेतल्या गुलामीचे जुने कागद आता मोबाईलवरही बघता येतात, स्कॅन आहेत, सर्च आहे, बरंचसं फुकट आहे. पण हे कागद मुळात कोणी आणि कशाला लिहिले ते माहीत नसेल तर समोर नुसती वयं आणि किमती दिसत राहतात, म्हणून आधी थोडं मागचं.

गुलाम माणसाबद्दल काही लिहायची वेळ यायची ती बहुतेक पैशापायीच. विकला, गहाण टाकला, मालक मेला नि वाटण्या झाल्या, कर भरायचा आला, की कागद व्हायचा आणि तो दप्तरात लागायचा मालकाच्या नावाने. 1790 च्या पहिल्या जनगणनेत घरटी गुलाम किती एवढाच आकडा आहे, देशभर मिळून जवळपास 7 लाख. 1850 आणि 1860 ला गुलामांचे वेगळे तक्ते केले, त्यात वर मालक आणि खाली ओळीने वय, बाई की पुरुष, रंग, पळालाय का, आंधळा-बहिरा आहे का... नावाचा रकानाच नाही. 1860 ला अशी माणसं साडेएकोणचाळीस लाख होती! त्यांची नावं जनगणनेत सरसकट लागली ती सुटका झाल्यावर, 1870 मध्ये, त्यामुळे आपलं घराणं शोधणारे आफ्रिकन-अमेरिकन लोक याला 1870 ची भिंत म्हणतात, तिथपर्यंत माणूस सापडतो आणि मागे एकदम अंधार. (त्यानंतर तीनच वर्षांनी, 1873 ला, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं, म्हणजे पुण्यात बसून हा विषय किती ताजा वाटत होता बघा.)

लुइझियाना मात्र वेगळं निघालं. आधी फ्रेंच, मग स्पॅनिश, 1803 ला अमेरिकन. तिथे माणूस विकायचा तर नोटरीपुढे रीतसर दस्त व्हायचा, जसा आपण जमिनीचा करतो तसा, आणि नोटरी नाव, वय, मूळ कुठला, काय काम येतं, आजार काय, पळून जायची सवय आहे का हे सगळं लिहायचा, कारण खोड लपवून विकला तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता यायचा. म्हणजे त्या माणसाची एवढी बारीक माहिती आज मिळते ती घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून. स्पॅनिश काळात गुलामाला स्वतःची किंमत भरून सुटायचा हक्कही होता, मालक आडवा आला तर कोर्टाकडून किंमत ठरवून घेता यायची, त्याचेही कागद साठत गेले.

हे सगळं फ्रेंच, स्पॅनिश हस्ताक्षरात कोर्टांमध्ये पडून होतं. 1984 च्या सुमारास इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल पॉइंट कूपी नावाच्या पॅरिशच्या (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) कोर्टात गेल्या आणि त्यांना दिसलं की इथे तर माणसं वोलोफ, बांबारा, मिना, काँगो अशी आपापल्या समाजाच्या नावासकट नोंदलेली आहेत. आफ्रिकेतून आलेल्यांची मूळ ओळख पुसलीच गेली हे तोवर बऱ्यापैकी गृहीत धरलेलं होतं. याच पॉइंट कूपीत 1795 ला गुलामांच्या उठावाचा कट फुटला होता, 23 जणांना फाशी दिली, त्या खटल्याचे कागद होते ते वेगळेच. हॉलबाईंनी पुढची जवळपास 15 वर्षं टेक्सासपासून फ्रान्स-स्पेनपर्यंतची दप्तरं धुंडाळून 1719 ते 1820 मधल्या एक लाखावर माणसांचा डेटाबेस केला. 2000 साली तो सीडीवर आला, मग फुकट वेबवर. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी उलथापालथ ही आहे, स्कॅनिंग नाही. कारण कागद मालकाच्या नावाने लावलेला होता आणि आता पहिल्यांदा तो गुलामाच्या नावाने शोधता यायला लागला. लुइझियानातल्या व्हिटनी प्लँटेशनवर (गुलामांकडून करवून घेतलेला जुना मळा, आता संग्रहालय) आज 1,07,000 नावं दगडात कोरली आहेत ती या डेटाबेसमधूनच.

बाकी ठिकाणीही तेव्हाच कामं सुरू होती. व्हर्जिनिया विद्यापीठात 1993 ला एडवर्ड एअर्सनी व्हर्जिनियातली ऑगस्टा आणि पेनसिल्व्हेनियातली फ्रँकलिन अशा दोन काउंट्यांची वर्तमानपत्रं, पत्रं, जनगणना एकत्र ऑनलाइन टाकायला घेतली, एकीकडे गुलामी कायदेशीर आणि दुसरीकडे नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने 1996 पासून सुटलेल्या गुलामांची आत्मचरित्रं टाकली. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे 1936 ते 38 मध्ये म्हाताऱ्या झालेल्या माजी गुलामांच्या घेतलेल्या 2,300 वर मुलाखती आहेत, त्या वाचाव्यात पण जपून, विचारणारे बहुतेक गोरे, मंदीचे दिवस, बोलणारा किती मोकळं बोलणार?

पळालेल्यांच्या जाहिराती हा अजून एक खजिना. 1769 ला थॉमस जेफरसनने (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच) सँडी नावाच्या माणसासाठी दिलेली जाहिरात बघा, वय पस्तिसेक, चांभारकाम करतो, डावखुरा, पितो फार, पांढरा घोडा आणि हत्यारं घेऊन गेलाय, दुसऱ्या वसाहतीत सापडला तर 10 पौंड. पकडण्यासाठी लिहिलेल्या मजकुरात माणूस अख्खा उभा राहिलाय. (पुढे 1773 ला त्याला विकून टाकला. जेफरसननेच.) कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रकल्प आता अशा हजारो जाहिराती लोकांच्या मदतीने टाईप करून घेतो.

गुलामीवरून पेटलेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताना, 1865 ला, सरकारने सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीडमेन्स ब्युरो नावाचं खातं काढलं आणि ते 1872 पर्यंत चाललं, त्याच्या कागदांत लग्नाच्या नोंदी, मजुरीचे करार, रेशन, मारहाणीच्या तक्रारी, आणि इथे माणूस स्वतःच्या नावाने येतो. 2015-16 मध्ये 25 हजारांवर स्वयंसेवकांनी वर्षभरात त्यातली सुमारे 18 लाख नावं इंडेक्स केली. 1870 ची भिंत ओलांडायची सगळ्यात चालणारी वाट हीच, कारण करारावर बऱ्याचदा जुन्या मालकाचं नाव असतं आणि ते मिळालं की त्याची मृत्युपत्रं, वाटणीपत्रं उघडायची. फिरून परत मालकाच्याच फाईलीत.

आणि याच काळात वर्तमानपत्रांत दुसऱ्या जाहिराती यायला लागल्या, विकल्या गेलेल्या आईचा, मुलाचा, नवऱ्याचा पत्ता विचारणाऱ्या. त्यात जुन्या मालकांची नावं एकामागून एक दिलेली असतात, कारण हरवलेल्या माणसाची तेवढीच खूण माहीत असायची. व्हिलानोव्हा विद्यापीठ 2017 पासून त्या गोळा करून ऑनलाइन टाकतंय. 1900 उलटल्यावरही, म्हणजे सुटका होऊन 35 वर्षं झाल्यावरही, लोक त्या देत होते.