अतिघाम आणि बोटुलिनम इंजेक्शन

शरीर थंड राखायला लागतो त्याहून कितीतरी जास्त घाम येणे म्हणजे अतिघाम. वैद्यकात याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. काखा, तळहात, तळपाय आणि चेहरा या जागी तो विशेष जाणवतो. नेहमीच्या उपायांनी न आटोपणाऱ्या काखेतील घामावर त्वचेत बोटुलिनम टॉक्सिन (एका जीवाणूचे विष, अत्यल्प मात्रेत) टोचणे हा आज सर्वांत भरवशाच्या उपचारांपैकी एक आहे. हे औषध बोटॉक्स या व्यापारी नावाने घरोघरी ठाऊक झाले ते सुरकुत्यांमुळे, आणि म्हणून घामासाठी ते घेणाऱ्यालाही लोक हौशी समजतात. हा समज चुकीचा आहे आणि तो रुग्णांना डॉक्टरांपासून दूर ठेवतो. लिहिताना ज्याचा कागद भिजतो, हस्तांदोलनाची वेळ आली की ज्याला हात मागे घ्यावासा वाटतो, दिवसातून दोनतीनदा ज्याला सदरा बदलावा लागतो, त्याचे दुखणे खरे आहे.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. प्राथमिक अतिघाम बहुधा पंचविशीच्या आत सुरू होतो, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा घराण्यात आणखी कोणालातरी असतो. दुय्यम प्रकारात मूळ कारण दुसरेच असते: थायरॉइडचे आधिक्य, रजोनिवृत्ती, क्षय, लसिकाग्रंथींचा कर्करोग, काही औषधे. घाम अंगभर येत असेल, रात्री अंथरूण भिजत असेल किंवा त्रास उतारवयात नव्याने सुरू झाला असेल, तर आधी त्या कारणाचा शोध घ्यायला हवा. इंजेक्शन हे प्राथमिक प्रकारासाठी आहे.

औषध काम करते ते चेतातंतूच्या टोकाशी. घामग्रंथींना सिम्पथेटिक चेतासंस्थेकडून, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या चेतांच्या एका जाळ्याकडून, आज्ञा मिळते. निरोप पोहोचवायला या संस्थेचे तंतू बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सोडतात, घामग्रंथींपाशी मात्र ॲसिटिलकोलीन. बोटुलिनम टॉक्सिन चेतातंतूत शिरून स्नॅप-२५ नावाचे प्रथिन तोडते. या प्रथिनावाचून ॲसिटिलकोलीन बाहेर पडू शकत नाही. निरोपच पोहोचत नाही, म्हणून ग्रंथी गप्प बसते. ती मरत नाही. चेतातंतूचे काम काही महिन्यांनी पूर्ववत झाले की घाम परततो.

या औषधाचा इतिहास घामापाशीच सुरू होतो, हे फार थोड्यांना माहीत असते. जर्मन वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० ते १८२२ च्या सुमारास बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. अशा रुग्णांचे अश्रू, लाळ आणि घाम आटतो हे त्यांनी टिपले, आणि हेच विष अत्यल्प मात्रेत अशा अतिस्रावांवर औषध ठरू शकेल असा तर्क मांडला. हे विष तयार करणारा जीवाणू एमिल व्हान एर्मेंगेम यांनी बेल्जियममध्ये शोधला तो १८९५ च्या विषबाधेनंतर. अमेरिकेत औषधाला पहिली मान्यता १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मिळाली. चेहऱ्याच्या आकडीवर इंजेक्शन दिलेल्या जागी घाम येत नाही, हे डॉक्टरांच्या नजरेस आले ते १९९० च्या दशकात. काखेतील तीव्र अतिघामासाठी अमेरिकी मान्यता २००४ ची. केर्नर यांच्या तर्काला तोवर १८० हून अधिक वर्षे झाली होती.

टोचण्यापूर्वी घाम नेमका कुठे येतो ते पाहतात. काखेतील केस काढून त्वचेला आयोडीन लावतात, ते वाळले की वर स्टार्चची भुकटी पसरतात. घाम येईल तिथे गडद निळा-काळा रंग उमटतो. मायनर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी स्वस्त आहे आणि वगळू नये: घामाचा पट्टा केसांच्या सीमेशी जुळेलच असे नाही. पट्ट्यात साधारण एक ते दोन सेंटिमीटर अंतरावर दहा ते पंधरा जागी, बारीक सुई तिरपी धरून, सुमारे दोन मिलिमीटर खोल, त्वचेतच औषध सोडतात. बोटॉक्सची नेहमीची मात्रा प्रत्येक काखेला ५० युनिट. खुणा शाईने केल्या असतील तर सुई शाईतून घालत नाहीत, नाहीतर तो ठिपका गोंदणासारखा कायम राहू शकतो. एका कंपनीचे युनिट म्हणजे दुसरीचे युनिट नव्हे. मात्रेचा हिशेब त्या त्या औषधापुरताच असतो.

परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, आणि काखेत सरासरी सहा-सात महिने टिकतो. अंगावरच्या वीस ते चाळीस लाख घामग्रंथींपैकी काखेतल्या फारच थोड्या, त्यामुळे त्या बंद पडल्याने शरीर तापत नाही.

तळहाताची गोष्ट वेगळी आहे. तिथे टोचणे फार दुखते, म्हणून बर्फ लावतात किंवा मनगटाशी चेता बधिर करतात. औषध खाली स्नायूंत झिरपले तर चिमटीची ताकद काही आठवडे कमी होते. वाद्य वाजवणाऱ्या किंवा बोटांनी बारीक काम करणाऱ्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगायलाच हवे.

मायस्थेनिया ग्रेव्हिससारखे चेता-स्नायूंचे विकार असलेल्यांना आणि टोचण्याच्या जागी संसर्ग असलेल्यांना हे औषध देत नाहीत. गरोदरपणात सहसा टाळतात. सुईच्या जागी दुखणे, काळेनिळे पडणे हे नेहमीचे. विषाचा परिणाम दूरवर पसरणे दुर्मीळ, पण गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

इंजेक्शनाआधी बहुधा ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण वापरून पाहतात. हातापायांसाठी पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धतही आहे. छातीतील सिम्पथेटिक चेता तोडण्याची शस्त्रक्रिया शेवटची. तिच्यानंतर अनेकांना पाठ, पोट आणि मांड्यांवर नव्याने भरपूर घाम येऊ लागतो, आणि तोडलेली चेता पुन्हा जोडून तो थांबेल याची खात्री नसते.