कपावरच्या रेघांचं गणित

सदाशिव पेठेत मावशीकडे परवा एका कपावरून वाद रंगला. मावसभावाने हाताने घडवलेला सिरॅमिकचा कप प्रदर्शनातून आणला होता आणि आठ महिने तो त्यात चिकमगळूरची स्पेशालिटी कॉफी पीत होता. (स्पेशालिटी म्हणजे चाखणाऱ्यांनी शंभरपैकी ८० किंवा जास्त गुण दिलेली, किंमतही त्याच तोऱ्याची.) आता कपात आतून तपकिरी रेघांचं जाळं उमटलं. मावशीचा निकाल तयार होता : "तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये." भाऊ म्हणाला, "मीच फार गरम ओततो." मला अपशकुनाचं काही वाटत नाही आणि गरम कॉफी हे फार तर निमित्त. मूळ कारण भट्टीत आहे.

कप म्हणजे मातीचं अंग आणि त्यावर ग्लेझ, म्हणजे चक्क काच. स्टोनवेअरची, म्हणजे कडक भाजलेल्या घट्ट भांड्यांची, भट्टी १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, तेव्हा ग्लेझ काकवीसारखं असतं. भट्टी निवत साधारण ६०० ते ७०० अंशांवर आली की ते घट्ट होऊन मातीला कायमचं चिकटतं. पुढे दोघांना एकत्रच आकसायचं असतं, पण आकसण्याचं प्रमाण वेगळं. ग्लेझ जास्त आकसणारं निघालं, तर पहिल्या धुण्यात आटलेला सदरा अंगात घातल्यासारखी त्याची गत होते.

समजा, अंशागणिक माती दहा लाखांत ६ भाग आकसते आणि ग्लेझ ७. ६०० अंश निवताना फरक पडतो ०.०६ टक्के. २५ सेंटिमीटर घेराच्या कपावर हे जेमतेम ०.१५ मिलिमीटर! पण काचेचा ताठरपणा सुमारे ७० गिगापास्कल (पास्कल हे ताण-दाब मोजायचं एकक). गुणाकार केला तर ताण ४२ मेगापास्कल. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र नाही. एवढ्यात ती उसवू शकते, आणि त्या भेगा म्हणजेच कपावरच्या रेघा.

यातली गंमत मला सर्वांत आवडते ती सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाची, ज्यापासून काच बनते. ग्लेझमध्ये सोडियम जास्त असेल, तर ते सिलिकाच्या जाळ्यातले बंध तोडतं, अणूंना हलायला मोकळीक मिळते आणि ग्लेझ जास्त प्रसरतं-आकसतं. वितळून काच झालेली सिलिका उलट जेमतेम आकसते, म्हणून ग्लेझमध्ये ती वाढवली की रेघा कमी होतात. आता तीच सिलिका क्वार्ट्‌झच्या कणांच्या रूपात मातीत मिसळा. निवताना ५७३ अंशांवर क्वार्ट्‌झच्या स्फटिकाची रचना बदलते, तो एकदम आकसतो, आणि अंगच बारीक झाल्यामुळे सदरा सैल! पदार्थ एक, परिणाम उलटे, आणि रेघांवर दोन्हीकडून उतारा.

मग आठ महिने कप शांत का होता? कमी भाजलेली माती सच्छिद्र राहते. कुंभारवाड्यातला माठ झिरपतो तो त्यामुळेच. अशी माती ओल धरते आणि वर्षभरात किंचित फुगते. काच फुगत नाही, म्हणून ती ताणली जाऊन उशिरा तडकते. "कप श्वास घेतो" असं सांगून विकणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं.

तपकिरी रंग मेलॅनॉइडिन्स नावाच्या तपकिरी द्रव्यांचा. भाकरी खरपूस करणारी रासायनिक क्रियाच कॉफीची बी भाजतानाही ते तयार करते. केशाकर्षणाने कॉफी भेगेत शिरते आणि अदृश्य रेघ दिसू लागते. चीनमधल्या ‘गे’ नावाच्या भांड्यांवर अशा रेघा मुद्दाम पाडून रंगवत असत, तेव्हा सौंदर्य म्हणून मिरवायलाही हरकत नाही. डाग नको असतील तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून कप भिजवा. चिंच, लिंबू लावून घासू नका. कच्च्या ग्लेझला आम्ल चरतं. धुतल्यावर कप पालथा ठेवा, म्हणजे बुडाची ग्लेझ नसलेली कड वाळेल. ती पाणी पीत असेल, तर मायक्रोवेव्हही नको : मुरलेल्या पाण्याची वाफ होते.

मावसभावाच्या कपाच्या त्या कडेवर मी पाण्याचा एक थेंब ठेवला. मावशी चष्मा चढवून जवळ आली, तोवर तो जिरलाही होता.