मर्गेनटालर, ओटमार

(११ मे १८५४ – २८ ऑक्टोबर १८९९). जर्मन-अमेरिकन घड्याळजी, उपकरणकार व लायनोटाइप या (छपाईसाठी अक्षरे जुळवणाऱ्या) जुळणीयंत्राचे प्रमुख संशोधक. जन्म वुर्टेम्बर्ग राज्यातील हाख्टेल या खेड्यात (आता बाट मेर्गेंटहाइम नगराचा भाग). वडील शाळामास्तर होते. उच्च तांत्रिक शिक्षण घरच्या ऐपतीबाहेरचे असल्याने १८६८ मध्ये ओटमार यांना सावत्र आईचे भाऊ लुई हाल यांच्याकडे बीटिगहाइम येथे घड्याळजीच्या उमेदवारीला ठेवण्यात आले. उमेदवारी संपताच, १८७२ मध्ये, त्यांनी अमेरिका गाठली. लष्करभरती टाळणे हे स्थलांतराचे कारण बहुतेक चरित्रकार देतात. मात्र लुई हाल यांचा मुलगा आउगुस्ट याचे वॉशिंग्टनमध्ये विद्युत उपकरणांचे दुकान होते आणि तेथे काम मिळण्याची खात्री होती, हे कारणही तितकेच वजनदार वाटते.

या दुकानात हवामान खात्यासाठी वायुवेगमापक, पर्जन्यमापक यांसारखी उपकरणे बनत. पेटंटच्या अर्जासोबत यंत्राचा नमुना सादर करण्याची पद्धत १८८० पर्यंत रूढ होती, त्यामुळे असे नमुनेही येथे घडवले जात. दुसऱ्यांच्या अर्ध्याकच्च्या कल्पना धातूत उतरवण्याचे हे काम मर्गेनटालर यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने कोणत्याही पदवीपेक्षा मोलाचे ठरले. १८७३ नंतरच्या मंदीत दुकान बॉल्टिमोरला हलले. १८७८ मध्ये मर्गेनटालर अमेरिकेचे नागरिक झाले. १८८१ मध्ये त्यांनी एमा लाखेनमायर यांच्याशी विवाह केला आणि १८८३ मध्ये स्वतःचा कारखाना काढला.

लायनोटाइपचे जनकत्व हा वादाचा विषय आहे. कज्जे-खटल्यांची लघुलेखनातील टिपणे लवकर छापून निघावीत, ही निकड जेम्स क्लेफेन या वॉशिंग्टनमधील लघुलेखकाची होती. त्याच्या पाठबळावर चार्ल्स मूर याने एक लेखनयंत्र आखले आणि १८७६ मध्ये ते दुरुस्तीसाठी हाल यांच्या दुकानात आणले. त्या यंत्राचे दोष तरुण मर्गेनटालर यांनी ओळखले. पुढे कागदी लगद्यात अक्षरे उठवून त्यावर धातू ओतण्याचा प्रयोग झाला, पण तोही फसला. अक्षरांचे साचे एका ओळीत आणून त्याच यंत्रात त्यावर वितळलेला धातू ओतायचा, हा निर्णायक विचार मर्गेनटालर यांचा, असे मानणेच सयुक्तिक आहे. शब्दांमधील अंतर सारखे करून ओळ भरणाऱ्या दुहेरी पाचरीचे श्रेय मात्र जेकब शकर्स याला द्यावे लागते. न्यायालयाने अग्रहक्क त्याचाच मानला आणि लायनोटाइप कंपनीला तो हक्क विकत घ्यावा लागला. १८९८ मध्ये बॉल्टिमोरला निघालेले मर्गेनटालर यांचे चरित्र तृतीयपुरुषी असले तरी ते मूलतः त्यांचेच आत्मकथन समजले जाते. त्यामुळे श्रेयाच्या प्रश्नावर त्याची साक्ष एकपक्षी धरावी.

यंत्राच्या पेटीत पितळी साचे रांगांनी ठेवलेले असतात. ९० कळांपैकी एक दाबली की त्या अक्षराचा साचा खाली उतरतो. ओळ पुरेशी भरली की शब्दांमधल्या पाचरी वर रेटल्या जातात आणि ओळ ठरलेल्या रुंदीची होते. मग शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला मिश्रधातू साच्यांवर ओतला जाऊन पूर्ण ओळीचा एकसंध ठोकळा तयार होतो. यापुढची क्रिया या यंत्राची खरी करामत होय. प्रत्येक साच्याच्या माथ्यावर व्ही आकाराच्या खाचेत किल्लीसारखे दाते असतात. वापरलेले साचे एका लांब दांडीवर अडकून पुढे सरकतात; दांडीवरचे कंगोरे ठरावीक जागी तुटलेले असल्याने आधार सुटताच साचा नेमका आपल्या कप्प्यात पडतो. जुळाऱ्याला छपाईनंतर खिळे (धातूची सुटी अक्षरे) सोडवून खणात परत टाकण्याचा जो वेळखाऊ व्याप असे, तो यामुळे उरला नाही. आधीच्या कित्येक जुळणीयंत्रांचे घोडे याच परतीच्या कामावर अडले होते. या रचनेत घड्याळजीचा हात स्पष्ट दिसतो.

३ जुलै १८८६ रोजी ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात हे यंत्र प्रथम व्यापारी कामाला लागले. त्यात साचे हवेच्या झोताने सरकत. १८९० च्या सुधारित यंत्रात ते गुरुत्वाने घसरू लागले. दरम्यान ‘ट्रिब्यून’चे संपादक व्हाइटलॉ रीड यांच्या गटाशी उत्पादनाची घाई व नियंत्रण यांवरून मर्गेनटालर यांचे बिनसले आणि १८८८ मध्ये त्यांनी लायनोटाइप कंपनीचा राजीनामा दिला. सुधारणा मात्र त्यांनी चालूच ठेवल्या. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना एलियट क्रेसन पदक दिले. १८९४ च्या सुमारास क्षयाचे निदान झाल्यावर कोरड्या हवेसाठी ते ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत राहिले. डेमिंग येथील घराच्या आगीत त्यांची बरीच कागदपत्रे जळाली. बॉल्टिमोर येथे वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या शहरातील एक तांत्रिक विद्यालय व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एक इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते. हाख्टेल येथे संग्रहालय आहे.

देवनागरीला हे यंत्र सहज मानवले नाही. मुंबईच्या छापखान्यांत रूढ असलेल्या डिग्री पद्धतीत काना-मात्रा-वेलांट्यांचे खिळे मूळ अक्षराच्या वर-खाली वेगळ्या थरांत जुळवत. ओळ-ओतकामात असे थर शक्य नसतात, आणि एका साच्याचा भाग दुसऱ्यावर झुकवताही येत नाही. शिवाय जोडाक्षरांपुढे ९० कळा अपुऱ्या पडत. १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल यांनी अमेरिकेत देवनागरी लायनोटाइप सिद्ध केला तो अक्षरसंख्येला कात्री लावूनच. महाराष्ट्रातील लिपिसुधारणेच्या चळवळीमागे, विशेषतः स्वा. सावरकर यांनी पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीमागे (इतर स्वर ‘अ’लाच स्वरचिन्हे जोडून लिहिण्याची पद्धत), छपाईयंत्रांची ही अडचण होती. इंग्रजी वृत्तपत्रसृष्टीत लायनोटाइप सुमारे नऊ दशके टिकला. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तो जुलै १९७८ मध्ये बंद केला.