लाईट गेली, आली, पण कॉम्प्युटर उठलाच नाही

परवा शेजारच्या काकूंचा कॉम्प्युटर बंद पडला. सकाळी व्यवस्थित चालू होता, दुपारी लाईट गेली, तासाभरात आली आणि मग बटण कितीही दाबा, पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. दुकानातून फोनवरच सांगितलं की मदरबोर्ड गेला असेल, नवीनच घ्या. मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच, त्यामुळे काकू रडकुंडीला आल्या. मी म्हटलं थांबा, आधी एसएमपीएस बघू, कारण बंद होईपर्यंत नीट चालणं आणि नंतर न उठणं हे लक्षण बऱ्याचदा त्याचंच असतं.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पत्र्याचा डबा, ज्यात मागून पॉवर केबल लागते. भिंतीतले २३० व्होल्ट आत आले की त्यांचं आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, मग ट्रान्झिस्टर ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर अगदी छोटा पुरतो आणि पलीकडे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मिळतात. पण याच डब्यात एक वेगळं छोटं सर्किट असतं, स्टँडबायचं. भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही ते जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट देत राहतं, आणि आपण पॉवर बटण दाबलंय हे मदरबोर्डला कळतं ते त्याच ५ व्होल्टवर. म्हणजे ते सर्किट दिवसरात्र जागं, वर्षानुवर्षं, गरम डब्यात.

त्यातले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग, आधी थकतात. त्यांच्या आत ओलसर इलेक्ट्रोलाइट असतं, ते उष्णतेने सुकत जातं, आणि ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. सुकत आलेला कॅपॅसिटर गरम असेपर्यंत कसंबसं काम करतो, थंड झाला की आतला रोध वाढतो आणि सर्किटला सुरू व्हायला लागणारा पहिला जोर काही तो देऊ शकत नाही. दुखणं जुनंच असतं, लाईट गेली त्या दिवशी दिसतं एवढंच. (लाईट येताना व्होल्टेज उसळलं तरी एसएमपीएस जातो, ते वेगळं.) कॉम्प्युटर पहिल्या दाबात न होता चौथ्या-पाचव्या दाबाला चालू व्हायला लागला असेल तर तेव्हाच डेटा कॉपी करून ठेवा, प्लीज.

काकूंकडे मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) घेऊन गेलो. २४ पिनचा मोठा कनेक्टर मदरबोर्डला लागलेला ठेवूनच मागच्या बाजूने जांभळ्या वायरीत एक टोक आणि काळीत दुसरं लावलं. ४.७५ ते ५.२५ मध्ये यायला हवं होतं, मीटर ३.१ दाखवत होता आणि तेही हलत होतं. इथेच उत्तर मिळालं.

मीटर नसेल तर स्विच बंद करून एसएमपीएसच्या सगळ्या वायरी आतून काढायच्या, मोठ्या कनेक्टरची हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडायची आणि मगच स्विच चालू करायचा. पंखा फिरला तर निदान सुरू तरी होतोय, पण लोड आल्यावर टिकेल याची खात्री त्यातून मिळत नाही, त्यासाठी कॉम्प्युटर चालू असताना पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ आहेत का बघावं लागतं.

डबा मात्र उघडू नका. केबल काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट शिल्लक राहू शकतात आणि ते जीवावर बेतू शकतं.

आणि नवीन एसएमपीएसच्या केबल सुट्या निघणाऱ्या असतील तर जुन्यातली एखादी उरलेली केबल त्याला लावू नका, फिट बसते पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची जुळणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते, ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जळते. काकूंकडे सगळ्या केबल नवीन लावल्या, संध्याकाळी बटण दाबलं आणि मुलीने सगळ्यात आधी प्रोजेक्ट पेनड्राईव्हवर घेतला.