इंग्रजीचा भविष्यकाळ आणि ‘शॅल’चा हट्ट : पार्श्वभूमी

नौपाड्यापासून नेरूळपर्यंत इंग्रजीच्या कुठल्याही क्लासमध्ये गेलात तरी काळांचा तक्ता तोच असतो. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, असे बारा चौकोन. भविष्यकाळाच्या पहिल्या चौकोनात ‘आय शॅल, वुई शॅल’ आणि त्याखाली ‘यू विल, ही विल, दे विल’. शाळेतल्या बाई शॅल लिहायला लावतात, क्लासचे सर म्हणतात आता कोणी लिहीत नाही, मोबाइलवरचं ॲप दोन्ही बरोबर धरतं, आणि सेमी इंग्रजीतल्या मुलांचे आईबाप व्हॉट्सॲप ग्रुपवर खरं काय ते विचारत बसतात. या गोंधळाचं मूळ साडेतीनशे वर्षांहून जुनं आहे. त्याआधी एक सांगायला हवं: हा तक्ता इंग्रजीच्या अंगावर बेतून शिवलेलाच नाही.

आपल्याकडे भविष्यकाळ क्रियापदाच्या पोटातच असतो. करीन, करशील, करील. लॅटिनचंही तसंच. इंग्रजी क्रियापदाला काळ दाखवणारी रूपं मात्र दोनच, वर्तमानाची आणि भूताची. इ. स. १००० च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका मठवासी पंडिताने मुलांना लॅटिन शिकवायला व्याकरण लिहिलं. लॅटिनच्या भविष्यकाळी रूपासमोर इंग्रजीत लिहायला त्याच्याकडे वेगळं रूपच नव्हतं. त्याने सरळ वर्तमानकाळ लिहिला आणि पुढे ‘उद्या’ अशा अर्थाचा शब्द जोडून दिला. आपण ‘मी उद्या पुण्याला जातो’ म्हणतो त्यातलाच हा प्रकार.

विल आणि शॅल तेव्हा होते, पण स्वतःच्या अर्थाने. विल म्हणजे इच्छा असणं, शॅल म्हणजे देणं लागणं, बांधील असणं. पुढे दोघांचे मूळ अर्थ झिजत गेले आणि दोघंही पुढच्या गोष्टी सांगायच्या कामाला लागले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बायबलचं इंग्रजी भाषांतर झालं, त्यात लॅटिन भविष्यकाळासाठी बहुतेक ठिकाणी शॅल वापरला. धर्मग्रंथातून आल्यामुळे त्याला जे भारदस्तपण चिकटलं ते अजून सुटलेलं नाही. विल बोलण्यात राहिला.

आता मुख्य भानगड. १६५३ मध्ये ऑक्सफर्डच्या एका भूमितीच्या प्राध्यापकाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. वाचक डोळ्यांसमोर होते ते परदेशी, ज्यांना इंग्रजी शिकायची होती. त्याने नियम मांडला: प्रथमपुरुषात शॅल म्हणजे नुसतं भाकीत आणि विल म्हणजे वचन किंवा धमकी, द्वितीय आणि तृतीय पुरुषात याच्या बरोबर उलट. गणिती माणसाला शोभेल अशी सममिती. इंग्लंडात सगळे असंच बोलत होते का, हा प्रश्न पुढची अडीचशे वर्षं फारसा कोणी विचारला नाही.

अठराव्या शतकात व्याकरणाच्या पुस्तकांचं पीक आलं. पुढे बिशप झालेल्या एका धर्मगुरूने १७६२ मध्ये हा नियम आपल्या पुस्तकात घेतला, आणखी काहींनी प्रश्नार्थक वाक्यं, गौण वाक्यं असे फाटे फोडून तो वाढवला. १७९५ मध्ये यॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या एका अमेरिकन गृहस्थाचं शालेय व्याकरण आलं. ते अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना शाळाशाळांत गेलं आणि नियम मुलांच्या पाठांतरात शिरला. परक्यांच्या सोयीसाठी लिहिलेला नियम घरच्यांच्याच चुका काढू लागला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतले लोक सरसकट विल म्हणत, म्हणून ते अडाणी ठरले. त्यावर एक विनोदही निघाला. पाण्यात पडलेला परका माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ नियमाप्रमाणे अर्थ होतो की मी बुडणारच, खबरदार मला कोणी वाचवलं तर. काठावरचे सभ्य लोक त्याच्या इच्छेचा मान राखतात. विनोद परक्यांवर रचलेला आहे, पण माझ्या मते त्यात हसं नियमाचंच होतं.

१९०६ मध्ये दोन इंग्रज भावांनी शुद्ध इंग्रजीवर पुस्तक लिहिलं. त्यात शॅल-विलवर पानंच्या पानं खर्ची घातली आणि वर कबूलही केलं की दक्षिण इंग्लंडच्या लोकांना हे जन्मतः येतं, इतरांना शिकून येणं जवळपास अशक्य. म्हणजे जे शिकवता येत नाही तेच शिकवायचं! १९२५ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने उलट वाट धरली. जुन्या-नव्या नाटकांतले संवाद काढून त्याने शॅल आणि विल चक्क मोजले. नियम पुस्तकात होता, लोकांच्या तोंडी नव्हता. पुढे १९६१ आणि १९९१ च्या सुमाराच्या छापील मजकुरांची तुलना झाली, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे शॅल ओसरलेला दिसला. २००२ मध्ये केंब्रिजहून आलेल्या अठराशेहून अधिक पानांच्या व्याकरणात तर इंग्रजीला भविष्यकाळ नावाचा काळच नाही, अशी भूमिका आहे. विल हे मे, कॅन, मस्ट यांच्याच पंगतीतलं साहाय्यक क्रियापद; ‘ही विल बी ॲट होम नाऊ’ म्हणजे ‘तो आत्ता घरी असेल’, यात भविष्य कुठे आहे? सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. पण मराठीतला ‘असेल’ही इथे तेच काम करतो, त्यामुळे आपल्याला तरी हा मुद्दा कळायला जड जाऊ नये.

आपल्याकडे इंग्रजी शाळांतून आली ती नेमकी एकोणिसाव्या शतकात, हा नियम भरात असताना. भाषांतराच्या जुन्या पाठमालांनी तो उचलला, पाठमालांवरून मास्तरांनी, मास्तरांवरून गाइडांनी. विलायतेत तो सैल पडला तरी इथे फळ्यावर टिकला, कारण तपासायला सोपा. कर्ता आय किंवा वुई असेल तर शॅल, नाहीतर विल. रिकामी जागा भरा, एक गुण. २००० पासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली, त्याआधी ती पाचवीत भेटायची. मुलं लवकर बोलायला लागली, तरी गाइडांच्या पानावरचा चौकोन हलला नाही. नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे वचन-धमकीची उलटापालट, मात्र बहुतेक वर्गांतून गळून गेला. उरला तो अर्धा, आणि तोच पूर्ण नियम म्हणून घोकला जातो.

शॅल टिकण्याचं दुसरं कारण कायदा. तिथे तो भविष्य सांगत नाही, बंधन घालतो, म्हणजे त्याचा हजार वर्षांपूर्वीचा अर्थ. खारघरला किंवा घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केलेल्याने रेराच्या नमुन्यातला करारनामा उघडावा. ‘द प्रमोटर शॅल कन्स्ट्रक्ट’ या शब्दांनी कलमं सुरू होतात आणि कर्ता तृतीयपुरुषी असूनही विल नाही. शाळेचा तक्ता खरा मानला तर हे चूक ठरेल. जुन्या पूर्ण नियमाने मात्र बरोबर, कारण तृतीयपुरुषातला शॅल म्हणजे हुकूम.

या एका शब्दावरून देशाचं राजकारणही तापलं आहे. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात इंग्रजी १५ वर्षं चालू राहील असं आहे, आणि तिथे शब्द शॅल. मुदत १९६५ ला संपणार म्हणून १९६३ मध्ये राजभाषा कायदा झाला. त्यात लिहिलं गेलं की त्यानंतरही इंग्रजी ‘मे’ कंटिन्यू. अहिंदी भाषक खासदारांनी बोट ठेवलं: मे म्हणजे राहिली तर राहिली. या संदर्भात मेचा अर्थ शॅलच घ्यायचा, असा खुलासा तेव्हाच्या पंतप्रधानांनी केला. तोंडी खुलाशावर कोण विसंबणार? १९६५ मध्ये मद्रास राज्यात आंदोलन पेटलं, आणि १९६७ च्या दुरुस्तीत, ज्या राज्यांनी हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही त्यांच्याशी केंद्राचा पत्रव्यवहार इंग्रजीत ‘शॅल’ होईल असं कलमात घालावं लागलं. गंमत म्हणजे शॅल लिहिलं तरी बंधन पक्कं होतंच असं नाही. कलमातला शॅल सक्तीचा की केवळ दिशादर्शक हे संदर्भावरून ठरतं, असं आपली न्यायालयं वेळोवेळी सांगत आली आहेत. अमेरिकेत संघीय न्यायालयांचे दिवाणी कार्यपद्धतीचे नियम २००७ मध्ये नव्या भाषेत लिहिले, तेव्हा या संदिग्धतेपायी शॅल काढून टाकला आणि सक्तीच्या जागी मस्ट घातला. आपल्याकडे २०२३ च्या नव्या फौजदारी कायद्यांतही शिक्षा ‘शॅल’च होते.

बाकीच्या रूपांचा इतिहास इतका भांडखोर नाही. ‘गोइंग टू’ आधी खरोखर जाण्याचं होतं, अमुक करायला निघालोय अशा अर्थी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते पाय न हलवताही वापरलं जाऊ लागलं, आणि १६४६ च्या एका शालेय पुस्तकात त्याची भविष्याची खूण म्हणून नोंदही आहे. आपलं ‘करणार आहे’ त्याच्या सर्वांत जवळचं. ठरलेलं असेल तर गोइंग टू, बोलता बोलता ठरवलं तर विल, ही वाटणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांनी रुळवली. ती उपयोगी आहे, पण तिचाही आता शॅलसारखाच दंडक होऊ लागलाय. भेट ठरली असेल तर चालू वर्तमानकाळ, ‘आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो’. वेळापत्रक असेल तर साधा वर्तमान, आणि उदाहरण ठरलेलं: ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’. ट्रान्सहार्बरवर रोज वाशी गाठणाऱ्याला त्या खात्रीचं हसू येईल, पण व्याकरणाला वेळापत्रक पुरतं. सरकारी कार्यक्रमांसाठी बातम्यांत ‘इज टू’ येतो, ‘द एअरपोर्ट इज टू ओपन’. नवी मुंबई विमानतळाची कोनशिला फेब्रुवारी २०१८ ची, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ चं. मधल्या काळात या रचनेचा भरपूर सराव झाला.

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतल्या मेलमध्ये ‘आय विल बी सेंडिंग’ सर्रास दिसतं. त्याला चूक म्हणणारे आहेत. पण आपोआप होणारच आहे, तुमच्यासाठी मुद्दाम नाही, अशी मवाळ छटा देणारा हा वापर इंग्लंडातही मुरलेला आहे. ‘आय विल डू वन थिंग’ मात्र अस्सल आपलं, ‘मी एक काम करतो’ मधून आलेलं.

मराठी मुलांचं इंग्रजी खरं अडकतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याला तक्त्यात चौकोन नाही. ‘तू येशील तेव्हा सांग’ यात आपण भविष्यकाळ घालतो, इंग्रजी व्हेनच्या पुढे साधा वर्तमान मागते. म्हणून ‘व्हेन यू विल कम’ होतं. ‘पाऊस आला तर’ मध्ये आपण भूतकाळ घालतो, म्हणून ‘इफ इट रेन्स’च्या जागी ‘इफ इट रेन्ड’ लिहून मुलं भलत्याच अर्थाला जाऊन भिडतात. आणि जिन्यातून ओरडलेल्या ‘आलोच’चं, म्हणजे न घडलेल्या गोष्टीसाठी वापरलेल्या भूतकाळाचं, इंग्रजी ‘आय केम’ नव्हे, ‘आय ॲम कमिंग’ होतं. यासाठी वर्गात अर्धा तास पुरतो. तो बहुतेक वेळा आय शॅल, वुई शॅल पाठ करून घेण्यात गेलेला असतो.